बेरोजगार एकशे एकतीस

गुरुवार (आमच्या जावातल्या पाच दिवसांच्या बाजार-आठवड्याचा पोन), ९ जुलै

गावाची माहितीपुस्तिका या वर्षी मी लिहिणार नाही. हे मला आज सकाळी साडेआठ वाजता कळले.

आमच्या गावच्या चिटणीसांना सगळे पाक चारिक म्हणतात. ते चहाचा पेला खाली न ठेवताच म्हणाले, "रास्वान, यंदा विद्यापीठाची मुलं आलीयत ना, त्यातला हानिंद्यो करेल ते. लॅपटॉप आहे त्याच्याकडे. तू त्याला वाटा दाखव. आणि चहाचं बघ."

मी हो म्हणालो.

मागच्या दोन पुस्तिका मी लिहिल्या. कचेरीच्या टंकयंत्रावर, एकाही खाडाखोडीशिवाय. माझी शाळा आठवीच्या मध्यात सुटली. लोक सातवी म्हणतात, ते चूक आहे. पण तालुक्याच्या साहेबांनी दुसऱ्या पुस्तिकेवर "शुद्ध" असा शेरा मारला होता. तो कागद माझ्याकडे आहे.

या वर्षी जिल्ह्याने नवा रकाना घातला आहे: माडाची नीरा काढणारे. तिथे जो आकडा असेल तितकी कार्डे येणार. कार्डवाला झाडावरून पडला तर दवाखान्याचा सगळा खर्च जिल्ह्याचा. तीन वर्षांत आमच्या कालिजेरो गावात पाच जण पडले, त्यातले दोघे गेले. म्हणजे संपूर्ण पुस्तिकेत खरा महत्त्वाचा रकाना हाच आहे.

आकडा १४३ आहे. मला कोणी विचारलेले नाही. पण वरच्या वाडीपासून नदीपर्यंत एकेक घर मी डोळे मिटून सांगेन. माझा थोरला भाऊ कांग मिस्वान त्यातलाच. चोवीस माड, दिवसातून दोनदा.

सोमवार (पाहिंग), १३ जुलै

हानिंद्यो उंच आहे. बूट दारात काढताना ते भिंतीला समांतर ठेवतो. मीही तसेच ठेवतो, पण ते आजवर कोणाच्या लक्षात आले नाही. त्याचे मात्र गावचे प्रमुख पाक लुराह यांच्या पत्नीने सगळ्यांसमोर कौतुक केले.

दुपारी कचेरीसमोर सुपियाहच्या टपरीवर गेलो. तीन वर्षे मी तिथे मेंदोआन खातो. आंबवलेल्या सोयाबीनच्या टेम्पेची ती अर्धवट तळलेली पातळ भजी आमच्याकडे लहान मुलेही खातात. आज तिने हानिंद्योला "मास", म्हणजे दादा, अशी हाक मारून विचारले, "मास, तिखट चालेल ना? की शहरातली जीभ आहे?" तो म्हणाला, "तुमच्या हातचं असेल तर चालेल." ती मोठ्याने हसली. त्याला चार मिरच्या जास्त दिल्या.

मला तिने आजवर एकदाही विचारले नाही की तिखट चालेल का. मी बसलो की बशी पुढे येते. दोन भजी, एक मिरची, बिनसाखरेचा चहा. जणू मला आवडनिवड नाहीच.

बुधवार (वागे), १५ जुलै

त्याने पुस्तिकेचे पहिले वाक्य वाचून दाखवले. "कालिजेरोत सकाळ जमिनीवर उजाडत नाही, ती आधी माडांच्या शेंड्यांवर उजाडते."

माझे पहिले वाक्य होते, "कालिजेरो हे गाव डोंगराच्या दक्षिण उतारावर वसलेले असून तालुक्यापासून अकरा किलोमीटर अंतरावर आहे."

माझ्या वाक्यात चूक नाही. उत्तरेला सरकारी जंगल, दक्षिणेला नदी, पूर्वेला ओढा, पश्चिमेला शेजारचे गाव, सगळे पुढच्याच वाक्यात होते. त्याच्या वाक्यात काहीच नाही. संध्याकाळी घरी येताना मी ते दोनदा पुटपुटलो. तिसऱ्यांदा थांबलो.

शुक्रवार (लेगी), १७ जुलै

आजपासून घरोघरी माहिती घेणे. मी पुढे, तो मागे. सकाळी आठची वेळ. पुरुष सगळे वर झाडांवर, बायका चुलीशी. नीरा वेळेत आटवली नाही तर गूळ बसत नाही, म्हणून कोणी उठत नाही. धुरातूनच उत्तरे.

पहिलेच घर माझ्या भावाचे. माझी वहिनी यू तार्सी कढई ढवळत होती.

"यजमान काय काम करतात, बू?" हानिंद्योने तिला विचारले.

"काम? कसलं काम, मास." यू तार्सी हसली. "आमचा माणूस काही काम करत नाही. असाच. सकाळ-संध्याकाळ जरा वर चढतो, तेवढंच."

"म्हणजे नोकरी नाही?"

"नोकरी असती तर मी अशी काळी झाले असते का? बसा तरी, गरम गूळ घ्या. रास्वान, पाहुण्याला पाट दे. उभं काय ठेवलंयस?"

हानिंद्योने लिहिले: बेरोजगार.

मी त्याच्या खांद्यावरून ते अक्षर पाहिले. आमच्याकडे आपल्या घरच्या कष्टाला कोणी परक्यासमोर काम म्हणत नाही. म्हटले तर फुशारकी वाटते. ज्याला गणवेश असतो ते काम. बाकी सगळे "असंच". हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळते. मला वाटले, तो विचारेल.

त्याने विचारलेही. बाहेर पडताना म्हणाला, "बरोबर लिहिलं ना, मास रास्वान?"

मी म्हणालो, "लिहा की. तुम्ही शिकलेले."

पुढची सत्तावीस घरे अशीच झाली. प्रत्येक घरी गूळ मिळाला. त्याचे खिसे भरले.

बुधवार (लेगी), २२ जुलै

सगळी घरे संपली. सडकेलगतच्या खालच्या वाडीत बारा जण सापडले. त्यांना गुळाच्या व्यापाऱ्यांशी बोलायची सवय आहे, म्हणून त्यांनी सरळ सांगितले की आम्ही नीरा काढतो. बाकी सगळीकडे तेच उत्तर. काही नाही, असंच, बसलेला असतो.

नीरा काढणारे १२. बेरोजगार १३१. दोन्ही मिळून १४३. त्याची बेरीज अचूक आहे, हे मान्य केले पाहिजे.

मी सांगणार आहे. पण त्याने नीट विचारले तर. काल रात्री मनात ठरवून टाकले की शुक्रवारी सांगायचे.

शुक्रवार (पोन), २४ जुलै

सांगणार होतो. सकाळी कचेरीत गेलो तर पाक लुराह त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "सहा वर्षांत जे झालं नाही ते या पोरानं दोन आठवड्यांत केलं!"

सहा वर्षे म्हणजे मी; कचेरीत लागून मला तेवढीच झाली.

मी खोलीत जाऊन शिक्क्याची गादी बदलली. तिला शाई पुरेशी होती.

दुपारी कच्ची प्रत मला तपासायला दिली. अठ्ठेचाळीस पाने. शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका निघाल्या. शेजारच्या गावाचे नाव एका ठिकाणी चुकले होते, तेही दुरुस्त केले. सगळे शिसपेनने, समासात, बारीक अक्षरात. सदतिसाव्या पानावर आकड्यांचा तक्ता होता. त्या पानावर शुद्धलेखनाची चूक नव्हती.

तो म्हणाला, "मास, तुमच्यासारखी नजर आमच्या प्राध्यापकांनाही नाही." मग म्हणाला, "एकशे एकतीस बेरोजगार जरा जास्त नाही वाटत? सगळी माणसं तर मला धडधाकट दिसतात."

मी म्हणालो, "घरोघरी तुम्ही फिरलात. मी काय सांगणार?"

तो म्हणाला, "खरंय." आणि पान उलटले.

रविवार (क्लिवोन), २६ जुलै

कांग मिस्वान घरी आला. कमरेला कोयता तसाच.

"काय रे, ते कार्ड येणार म्हणतात. माझं नाव गेलं ना?"

"नावं जात नाहीत. आकडा जातो."

"मग मी आकड्यात आहे ना?"

"असशील."

"असशील काय? तू कचेरीत बसतोस का कोंबड्या राखतोस?" तो हसला आणि माझ्या पाठीत एक ठेवून दिली. "बरं झालं बाबा, घरातलं एक माणूस लिहिणारं आहे."



मंगळवार (वागे), ४ ऑगस्ट

गावसभेत पुस्तिका वाचली गेली. सभा दुपारी साडेतीनला होती. त्या वेळी नीरा काढणारे दुसऱ्या फेरीला झाडावर असतात, त्यामुळे सभागृहात दुकानदार, शिक्षक आणि पेन्शनवाले होते. माडांच्या शेंड्यांच्या वाक्याला टाळ्या पडल्या. आकडे वाचले तेव्हा कोणी मान वर केली नाही.

पाक लुराहांनी सही केली. शिक्का माझ्या ताब्यात असतो. मी तो सदतिसावे धरून प्रत्येक पानावर मारला. एकही तिरका नाही.

शनिवार (पोन), ८ ऑगस्ट

विद्यार्थी गेले. निरोपाला सुपियाहने त्याला भजी बांधून दिली. मी बघत होतो. मला म्हणाली, "तुम्ही का असं तोंड केलंय? दात दुखतोय का?"

छापील पुस्तिकेत शेवटच्या पानावर आहे: "संकलन: रास्वान, हानिंद्यो." माझे नाव आधी. त्याने ते मला दाखवले आणि जरा लाजला. दया दाखवायची त्याची पद्धतही चांगली आहे. मला राग येईल असे तो काहीच करत नाही, त्याचाच राग येतो.

मंगळवार (पाहिंग), ६ ऑक्टोबर

जिल्ह्याचे पाकीट आले. मीच फोडले. बारा कार्डे.

पाक चारिक म्हणाले, "बाराच? बाकीच्यांची मागाहून येतील." मी म्हणालो, मागाहून येतील.

सोमवार (पोन), १२ ऑक्टोबर

सकाळी सव्वासातला कांग मिस्वान पडला. सतराव्या माडावरून, आठ-नऊ मीटर. झाडावर कोरलेल्या खाचेची कड तुटली. यू तार्सीने आवाज ऐकला तेव्हा तिला वाटले, झावळी पडली.

जिवंत आहे. मांडीचे हाड आणि कमरेचे हाड. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. मोठे ऑपरेशन सांगितले आहे. तिथे पहिला प्रश्न आला, "कार्ड?"

यू तार्सीने माझ्याकडे पाहिले.

बुधवार (क्लिवोन), १४ ऑक्टोबर

जिल्हा कचेरीत गेलो. पाक चारिक बरोबर होते. तिथले साहेब चांगले आहेत. पुस्तिका उघडून त्यांनी सदतिसाव्या पानावर बोट ठेवले.

"तुमच्या गावात एकशे एकतीस पुरुष रिकामे बसतात?"

"नाही, साहेब," पाक चारिक म्हणाले. "ते सगळे झाडावर असतात."

"झाडावर रिकामे बसतात?"

मागे दोन कारकून हसले. मग साहेबांनी समजावून सांगितले. आकडा दुरुस्त करता येईल. पण गावाला खरा आकडा आत्ता कळला असेल तर नवी कार्डे आजपासून लागू होतील, सोमवारी पडलेल्याला नाही. गावाला तो पुस्तिका पाठवण्याआधीच माहीत होता आणि कचेरीने तो लिहिला नाही, असे सिद्ध झाले तरच तो ऑगस्टपासून धरता येईल. कारण मग चूक कचेरीची, पडणाऱ्याची नव्हे.

"त्या वेळी कोणाला माहीत होतं का?" साहेबांनी विचारले.

पाक चारिक म्हणाले, "छे. त्या मुलानं केलं सगळं. त्यालाच फोन करतो."

मी टेबलावरच्या शिक्क्याच्या गादीकडे पाहत होतो. त्यांची गादी कोरडी पडली आहे.

सोमवार (क्लिवोन), १९ ऑक्टोबर

हानिंद्योचे पत्र आले. सही, तारीख, ओळखपत्राची प्रत, सगळे व्यवस्थित. मी नक्कल करून ठेवतो:

"ही चूक माझी एकट्याची आहे. मी परका असल्याने गावातल्या बायकांच्या बोलण्याचा अर्थ मला कळला नाही. त्या वेळी गावात खरा आकडा कोणालाही माहीत नव्हता. श्री. रास्वान यांनी माझ्या सर्व चुका दुरुस्त केल्या, ही एक त्यांच्याही नजरेतून सुटली असणार. त्यांना दोष देऊ नये."

पाक चारिकांचे डोळे भरून आले. "बघ. याला म्हणतात घरंदाज."

पाक लुराह म्हणाले, "शिकलेला माणूस." सुपियाहला कोणीतरी सांगितले, ती म्हणाली, "मोठ्या मनाचे आहेत हो." सगळी कचेरी दिवसभर त्याच्याबद्दल बोलत होती. एका माणसाने आपल्या अंगावर चूक घेतली म्हणून.

ती चूक माझी आहे.

त्याने पुस्तिका घेतली, पहिले वाक्य घेतले, मिरच्या घेतल्या. आता हेही. कुठलीही गोष्ट माझी राहू द्यायची नाही असे त्याने ठरवले आहे का? मी ती चूक किती काळजीने केली. एकशे एकतीस नोंदी, एक तपासणी, एक सभा, अठ्ठेचाळीस शिक्के. आणि तो एका पानात ती आपल्या नावावर करून घेतो, आणि लोक त्याला मोठा म्हणतात.

शिवाय "कोणालाही माहीत नव्हता" या तीन शब्दांनी कांगचे ऑपरेशन बुडते. हे त्याला ठाऊक नाही. पत्र अजून पाक चारिकांच्या खणात आहे. उद्या जाणार.

मंगळवार (लेगी), २० ऑक्टोबर

पहाटेच निघालो. पत्राच्या आधी मी पोचलो.

जबाब मी कचेरीतल्या छापील नमुन्यावर घरीच लिहून नेला होता. चार पाने. वरच्या वाडीपासून नदीपर्यंत १४३ नावे, प्रत्येकाच्या पुढे माडांची संख्या. खाली लिहिले: "वरील माहिती मला दिनांक ९ जुलै रोजी पूर्णपणे ज्ञात होती. १७ जुलै रोजी चुकीची नोंद होताना मी पाहिली. २४ जुलै रोजी मला स्पष्ट विचारण्यात आले असता मी सांगितले नाही. ४ ऑगस्ट रोजी मी स्वतः शिक्के मारले."

साहेबांनी दोनदा वाचले. चष्मा काढला.

"कारणाचा रकाना मोकळा सोडलायस."

"काय लिहायचं कळलं नाही, साहेब."

"'नजरचूक' लिही. सगळे तेच लिहितात."

"नजरचूक नव्हती. नजर तिथंच होती."

"मग कामाचा ताण?"

"ताण नव्हता. मला काम दिलेलंच नव्हतं."

"अरे बाबा," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "असं लिहून दिलंस तर तुझ्या गावात तुला शिक्क्याला हात लावू देणार नाहीत. कळतंय का?"

मी म्हणालो, कळते. मग रकान्यात लिहिले: "हेवा." शेजारच्या टेबलावरचा कारकून वाकून बघायला लागला. साहेब त्याला म्हणाले, "तुझं तू बघ."

त्यांनी जबाब फाइलला लावला. म्हणाले, "शुद्धलेखन चांगलं आहे."

गुरुवार (पोन), २२ ऑक्टोबर

पाक लुराहांनी शिक्का आणि कपाटाची किल्ली परत घेतली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. पाक चारिक म्हणाले, "माझ्या हाताखाली सहा वर्षं होतास रे. मला एका शब्दानं..." आणि बाहेर गेले.

वरच्या वाडीतून येताना चार जण रस्त्यात उभे होते. एकाने विचारले, "आम्ही बेरोजगार का, रास्वान साहेब?" दुसरा माझ्या पायाजवळ थुंकला. मी थांबलो. त्यांना काही सांगावे असे वाटले, पण माझ्याजवळ जे होते ते सगळे जबाबात लिहून झाले होते.

यू तार्सी दवाखान्यात भेटली. तिने मला भाताचा डबा दिला, पण हातात दिला नाही, बाकावर ठेवला.

"त्या दिवशी मी त्या पोराला 'काही काम करत नाही' म्हटलं, तेव्हा तू तिथंच उभा होतास," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी तुला पाट द्यायला सांगितलं."

"हो."

कांग झोपेच्या औषधाच्या गुंगीत होता.

बुधवार (वागे), २८ ऑक्टोबर

मंजूर झाले. १४३ कार्डे, ऑगस्टपासून लागू. कांगचे ऑपरेशन शुक्रवारी. डॉक्टर म्हणतात चालेल, पण पुन्हा चढणार नाही. त्याचे चोवीस माड शेजाऱ्यांनी वाटून घेतले आहेत, मला विचारले नाही.

दुपारी टपरीवर गेलो. जावे की नाही यात अर्धा तास गेला. सुपियाहने बशी पुढे ठेवली. दोन भजी, एक मिरची, बिनसाखरेचा चहा. लोक बघत होते. ती त्यांना म्हणाली, "काय, भज्यांना कार्ड लागतं का आता?" ती कोणाला टोमणा मारत होती ते मला समजले नाही.

मग हानिंद्योचा फोन आला. पाक चारिकांनी त्याला सगळे सांगितले होते. मी तयारी करून ठेवली होती. तो शिव्या देईल, आणि मग निदान एका बाबतीत तरी आम्ही सारखे होऊ.

तो म्हणाला, "मास रास्वान, रकान्यात तो शब्द लिहायला मला जमलं नसतं. मी 'नजरचूक' लिहून मोकळा झालो असतो."

मी फोन ठेवला. भजी गार झाली होती. एवढे चांगले वाक्य, आणि तेही त्यालाच सुचले.